आमच्या घरमालकांची स्पॅनिश

स्पॅनिश भाषेबद्दल सगळं काही माहीत असलेला आणि स्पॅनिशमध्ये पेलाभर पाणीही मागू न शकणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो भिंगारला राहतो. ते आमचे घरमालक. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीच्या निमित्ताने मी सहा वर्षं त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. पाण्याला स्पॅनिशमध्ये आग्वा म्हणतात, ते लॅटिनच्या आक्वापासून आलं, मधला क लोकांच्या तोंडात घोळून घोळून मऊ पडला आणि त्याचा ग झाला, हे ते तुमची तहान भागून पुन्हा लागेपर्यंत सांगत. पण "मला जरा पाणी द्या" हे वाक्य काही त्यांना कधी जमलं नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर ते माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "वाक्यं काय, स्पेनमधली शेंबडी पोरंही बोलतात. शब्द कुठून आला ते विचारा त्यांना."

सरांनी (सगळं भिंगार त्यांना सरच म्हणतं) आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. लॅटिन मात्र त्याच्याही आधीची. गोदावरीकाठच्या एका मिशनच्या बोर्डिंगात ते लहानाचे मोठे झाले आणि तिथल्या म्हाताऱ्या परदेशी फादरनी, त्या काळी प्रार्थना लॅटिनमध्ये असायच्या म्हणून, त्यांच्याकडून ती भाषा घोटून घेतली. पुढे प्रार्थना मराठीत आल्या, फादर मायदेशी गेले आणि जाताना आपला लॅटिन शब्दकोश सरांना देऊन गेले. पन्नास वर्षं तो कपाटात कसरीचं पोट भरत होता. तो बाहेर निघाला नातीमुळे. सरांचा एकुलता मुलगा नोकरीसाठी स्पेनला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला, आणि त्यांना लुसिया नावाची मुलगी झाली. घरात बोलणं सगळं स्पॅनिश. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, मोबाईलवर एक अ‍ॅप घ्या, रोज पंधरा मिनिटं शिका. ती बोलायला लागेल तोपर्यंत तुम्हीही बोलायला लागाल."

सरांनी अ‍ॅप घेतलं. पहिल्याच धड्यात एक मुलगा दूध पितो. दूध म्हणजे लेचे. सर तिथेच थांबले. लेचे का? त्यांनी फादरचा कोश काढला, लॅटिनमधलं लाक्ते सापडलं, म्हणजे क्त चा च झाला. मग रात्र, लॅटिनमध्ये नोक्ते, स्पॅनिशमध्ये नोचे. आठ, ओक्तो आणि ओचो. तीन आठवडे अ‍ॅपमधला तो मुलगा दूधच पीत राहिला आणि सर क्त चे च गोळा करत राहिले. शेवटी अ‍ॅपने नाद सोडला. सुनेला सासऱ्यांची ही आवड कळल्यावर तिने कौतुकाने स्पॅनिश शब्दांच्या व्युत्पत्तीचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ पाठवून दिला, आणि मग तर काही उपायच राहिला नाही.

मी राहायला आलो त्याच दिवशी त्यांच्या दारातली किल्ल्या अडकवायची लाकडी पट्टी मला दिसली. तिच्यावर सुबक अक्षरात 'यावे' असं लिहिलं होतं. मला वाटलं, केवढं अगत्य. मी चपला काढून आत जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने उलगडा झाला की ते स्वागत नव्हतं. यावे म्हणजे स्पॅनिशमध्ये किल्ली. लॅटिनमधल्या क्लाविसवरून आलेली. "आणि आपली चावी कोण?" सरांनी मला विचारलं. उत्तरही त्यांनीच दिलं. "तिची सख्खी बहीण. त्याच क्लाविसची पोर्तुगीज मुलगी, गलबतात बसून इकडे आली. साबणही तसाच आला. नाताळसुद्धा. तुम्हाला वाटतं तुम्ही मराठी बोलता." ती पट्टी वाचून किती तरी जण आत येऊन बसत. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूसही एकदा बसला होता आणि क्लाविस ऐकून, चहा पिऊन, रीडिंग न घेताच गेला.

सकाळी मी स्कूटर बाहेर काढली की पायरीवरून प्रश्न यायचा, "निघालात का त्राबाखोला?" त्राबाखो म्हणजे काम, आणि तो शब्द लॅटिनमधल्या त्रिपालिउमपासून निघाला. त्रिपालिउम म्हणजे तीन खुंट रोवून केलेला सांगाडा, त्याला गुन्हेगाराला बांधून छळत. हे ऐकल्यापासून माझं कचेरीतलं सुख संपलं. माझ्या टेबलासमोर साहेब, हेडक्लार्क आणि टपालवाले बाबा असे तिघे बसत. मान वर केली की मला तीन खुंट दिसायचे.

एस्पोसा म्हणजे बायको, आणि त्याचंच अनेकवचन केलं की अर्थ होतो पोलिसांच्या हातकड्या, हा शोध ज्या दिवशी लागला त्या दिवशी सर सकाळपासून तो कोणाला सांगू आणि कोणाला नको अशा अवस्थेत होते. शेवटी त्यांनी तो आमच्यादेखत थेट बाईंनाच सांगितला. बाई म्हणजे त्यांची पत्नी, त्याही निवृत्त शिक्षिका. त्या मेथी निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "मी हातकडी असते तर गिरणीत पीठ विसरून चार वेळा रिकामे घरी आला नसता." पीठ विसरण्याचं कारण असं की पिठाला लॅटिनमध्ये फारीना आणि स्पॅनिशमध्ये आरीना, आणि हे गिरणीवाल्याला समजावता समजावता डबा तिथेच राहायचा. लॅटिनमधल्या पहिल्या फ चा स्पॅनिशमध्ये ह झाला, आणि तो ह लिहायचा पण उच्चारायचा नाही, हा सरांच्या मते त्या भाषेतला सर्वांत हृदयद्रावक प्रसंग होता. "आधी मारलं आणि वर नावही घेत नाहीत," ते म्हणत.

दुपारच्या झोपेला सिएस्ता म्हणतात हे मलाही ठाऊक होतं. पण तो शब्द लॅटिनमधल्या 'सहावा तास' या शब्दांवरून आला आणि सूर्योदयापासून सहावा तास म्हणजे साधारण बारा, हे फक्त सरांना ठाऊक होतं. तेव्हा ते बरोबर बाराला झोपत. बाईंचा स्वयंपाक साडेबाराला व्हायचा. परिणामी सर उपाशीपोटी झोपत, एकला उठून जेवत आणि जेवल्यावर झोप आली की रोमन लोकांच्या धाकाने जागे राहत. दोन वाजता पायरीवर बसून पेंगणारे सर ही भिंगारची एक ठरलेली खूण होती. त्यांच्या पायाशी गल्लीतला तांबडा कुत्रा पेंगायचा. त्याच्यावर सरांचा राग होता. कुत्र्याला स्पॅनिशमध्ये पेर्रो म्हणतात आणि तो शब्द कुठून आला हे आजवर कोणालाच कळलेलं नाही. "लॅटिनमध्ये चांगला कानिस होता. त्याला हाकलून हा कोण कुठला येऊन बसला," असं म्हणत ते त्याच बिनवारशी कुत्र्याला बिस्किट घालत.

पण या सगळ्या विक्षिप्तपणात त्यांनी मला एक गोष्ट अशी दाखवली, की ती मी विसरू शकत नाही. भाजी घेऊन येणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "आमी काय खोटं बोलतो का सर, वांगी लई कवळी हायेत." सर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, "मी तीस वर्षं 'आमी' म्हणणाऱ्या पोरांना 'आम्ही' म्हणायला लावलं. उभं केलं, शंभरदा लिहायला लावलं. आणि आता कळतंय, अख्खी स्पॅनिश म्हणजे रोमन मास्तरांनी चूक ठरवलेली लॅटिन आहे. शेतकऱ्यांनी, शिपायांनी, बाजारच्या बायकांनी केलेल्या चुका. त्या सगळ्या चुका राहिल्या आणि मास्तर गेले." त्या दिवशी त्यांनी वांग्यांचा भाव केला नाही.

या साम्राज्याला एकच शत्रू होता, तो म्हणजे बाजारातले गादीवाले चाचा. सरांचे लहानपणापासूनचे दोस्त. कापूस पिंजून गाद्या-उशा करायचा त्यांचा धंदा तीन पिढ्यांचा. मदरशात शिकलेली अरबी त्यांना चांगली आठवत होती. सुनेच्या त्या ग्रंथात सरांच्याच खांद्यावरून डोकावताना चाचांना एके दिवशी शोध लागला की कापसाला स्पॅनिशमध्ये आल्गोदोन म्हणतात आणि उशीला आल्मोआदा, आणि दोन्ही शब्द अरबी. त्या दिवसापासून चाचा दुकानात बसल्या बसल्या स्पेनचे मालक झाले. "सर, कापूस आमचा, उशी आमची," ते शांतपणे म्हणायचे. "तुमच्या रोमन लोकांनी मान कशावर टेकली?" सर म्हणायचे, "पाहुण्यांनी चार भांडी ठेवली म्हणून घर त्यांचं होत नाही." मग चाचा साखर काढायचे. आसूकार, अरबी सुक्कर. त्यावर मात्र सर उसळायचे. "शर्करा इथून गेली. नगर जिल्ह्याच्या माणसाला साखरेचं सांगू नका. तुमच्याकडे फक्त वाहतूक होती." कापसाच्या ढिगावर बसून, न बोलता येणाऱ्या भाषेसाठी दोन म्हातारे तास तास भांडत, आणि गिऱ्हाईक उशी हातात धरून उभं असे.

मग दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात सरांचा मुलगा, सून आणि सात वर्षांची लुसिया भिंगारला आली. ती पहिल्यांदाच येत होती. फोनवर दिसायची, पण फोनवर सर तिच्या प्रत्येक शब्दाचं मूळ सांगू लागत आणि ती खेळायला पळून जाई. या वेळी पळायला जागा नव्हती. सगळ्या गल्लीला वाटत होतं की आता सर फाडफाड स्पॅनिश बोलणार. चाचाही नवा कुर्ता घालून आले होते. गाडीतून उतरल्या उतरल्या लुसिया सरांसमोर उभी राहिली आणि एका दमात काहीतरी लांबलचक बोलली. प्रश्न असावा, कारण शेवटी ती थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. सरांचे ओठ हलले. सर हळूच आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मधे सेमाना आलं. आठवडा. लॅटिनमध्ये सेप्तिमाना, सात दिवस." लुसियाने आणखी क्षणभर वाट पाहिली आणि मग ती बाईंचा हात धरून आत गेली.

पुढचे चार दिवस मोठे अवघड गेले. बाईंना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, तरी दोघींचं दिवसभर काही ना काही चालू असे. भाकरी थापणं, केस विंचरणं, कुत्र्याला आंघोळ घालणं. बाई नगरी मराठीत बोलत, ती स्पॅनिशमध्ये उत्तर देई आणि दोघींचं काही अडत नसे. सर दारात उभे राहून ऐकत. एखादा ओळखीचा शब्द आला की मान हलवत. एकदा धीर करून ते बाईंना म्हणाले, "बघ, नातीला तिच्या भाषेत निएता म्हणतात. आपलं संस्कृत नप्त्री आणि लॅटिन नेप्तिस एकाच घरातले. त्यांची निएता आणि आपली नात एकच आहे." बाई लुसियाच्या वेणीला रिबीन बांधत होत्या. म्हणाल्या, "एकच आहे ते मला तिचं नाक बघूनच कळलं होतं." सर गच्चीवर येऊन माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, "सात वर्षं मी नक्की काय शिकलो हो?"

पाचव्या दिवशी आम्ही भंडारदऱ्याला गेलो. धरण माझ्या खात्याचं, त्यामुळे मार्गदर्शक मी. मुलगा आणि सून पुढे चालत दूरवर पाणी बघायला गेले. सर, बाई, लुसिया आणि मी एका चहाच्या टपरीजवळ उन्हात सतरंजी टाकून बसलो. लुसिया गवतात लोळत होती. अचानक ती किंचाळत उठली. डोकं झटकत, पाय आपटत रडायला लागली. बाई जवळ गेल्या तर तिने त्यांचा हात झिडकारला. मला वाटलं साप. बाईंना वाटलं पोटात दुखतंय. मुलाचा फोन लागेना, त्या डोंगरात रेंज नव्हती. टपरीवाल्या बाई धावत आल्या. "लई रडतीया पोर. काय चावलं का काय?" आणि लुसिया रडत रडत पुन्हा पुन्हा तेच दोन-तीन शब्द ओरडत होती. ती सरांकडेच बघून ओरडत होती, कारण तिची भाषा समजायची शक्यता असलेलं आसपास तेवढंच एक माणूस होतं.

सर पांढरेफटक पडले होते. डोळे मिटून ते पुटपुटत होते, "ओर्मीगा, ओर्मीगा. ह लिहितात. ह आहे म्हणजे आधी फ असणार. फोर्मिका." त्यांनी डोळे उघडले. "मुंगी. आणि ओरेखा, ओरेखा म्हणजे औरिकुला. कान. तिच्या कानात मुंगी गेलीय."

टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "मंग त्यात काय. त्याल सोडा कोमट करून. आत्ता भाईर येती बगा." त्यांनी वाटीत तेल कोमट करून आणलं. पण लुसिया आडवी होईना, आणि जबरदस्ती करावी तर हलताना कानाला इजा व्हायची भीती. मग सर गुडघे दुखत असतानाही तिच्यासमोर गवतात बसले. एक हात गालाखाली धरून म्हणाले, "सिएस्ता." ती हुंदके देत बघायला लागली. सरांनी बाईंच्या मांडीकडे बोट दाखवलं. "आल्मोआदा." आणि लुसियाने, कसं कोण जाणे, त्या मांडीच्या उशीवर डोकं ठेवलं. मग सरांनी तेलाची वाटी दाखवत मोठ्या विश्वासाने म्हटलं, "ओलेओ." त्याबरोबर ती पुन्हा किंचाळली. पण तेवढ्यात बाईंनी चार थेंब सोडले होते. दोन मिनिटं ती सरांचं बोट घट्ट धरून पडून राहिली. मग तेलाबरोबर एक लाल मुंगी बाहेर आली. लुसियाने ती तळहातावर घेतली, नीट निरखली आणि आजोबांना दाखवून म्हणाली, "ओर्मीगा." सर म्हणाले, "ओर्मीगा." फोर्मिकाचं नाव त्यांनी काढलं नाही. तो त्यांचा पहिला स्पॅनिश संवाद.

सून परत आल्यावर तिने लुसियाकडून सगळं ऐकलं आणि हसू आवरून इंग्रजीत सांगितलं की ओलेओ म्हणजे चित्रकार वापरतात तो तेलरंग. आजोबा आपल्या कानात रंग ओतणार असं पोरीला वाटलं होतं. खायच्या तेलाला आसेइते म्हणतात. सरांनी विचारलं, "ते कुठून आलं?" सून जरा अडखळत म्हणाली, "अरबीतून."

दुसऱ्या दिवशी सर स्वतःहून चाचांच्या दुकानात गेले. मी बरोबर होतो. सरांनी सगळी हकिकत सांगितली, काही न लपवता. कान लॅटिन निघाला, मुंगी लॅटिन निघाली, पण उशी तुमची कामी आली आणि तेल तुमचं माहीत नव्हतं म्हणून पोर घाबरली. चाचांना एवढा मोठा विजय उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. ते थोडा वेळ कापूस नुसता कुरवाळत राहिले. "कान बरा आहे ना आता?" त्यांनी विचारलं. मग एक लहानशी उशी शिवायला घेतली. लाल खोळीची.

उरलेले दहा दिवस लुसिया सरांचं बोट धरून भिंगारच्या बाजारातून हिंडली. ती वस्तू दाखवायची, शब्द सांगायची आणि सरांकडून पूर्ण वाक्य म्हणवून घ्यायची. सर चुकले की थांबवायची. तीस वर्षं पोरांना थांबवणारे सर भर बाजारात थांबून, तिच्यामागून तेच वाक्य तीनदा म्हणत. मूळ सांगायचा मोह त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसायचा, पण ते पुढच्या वस्तूकडे बोट दाखवत. निघायच्या दिवशी ती लाल उशी काखेत घेऊन गाडीत बसली, पुन्हा उतरली, सरांच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "ते किएरो, आबुएलो." अर्थ आम्हाला सगळ्यांना कळला. आम्ही सवयीने सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "ते किएरो," आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले.

आठवड्याभराने पायरीवर बसले असताना ते आपणहून म्हणाले, "किएरोचं मूळ मला तेव्हाही माहीत होतं. क्वेरेरे. त्याचा अर्थ शोधणं. लॅटिनमध्ये नुसतं शोधणं, हरवलेली वस्तू शोधावी तसं. माया त्यात कधी आली कोण जाणे." ते चष्मा पुसत राहिले. "एवढंसं पोर. तिथून इथवर आलं."

गेल्या वर्षी माझी बदली संगमनेरला झाली. इथले घरमालक सज्जन आहेत, भिंतीवर कॅलेंडर सोडून काही लावत नाहीत. सकाळी कचेरीला निघताना मला कोणी काही विचारत नाही. परवा चहा पिताना मनात आलं, चमच्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणत असतील आणि ते कुठून आलं असेल. मी लगेच सरांना फोन लावला. त्यांचा आवाज थकलेला वाटला, पण खुशीत होते. मी म्हटलं, "सर, एक शब्द विचारायचा होता." ते म्हणाले, "विचारा की." आणि लगेच, "थांबा, थांबा. तिचा फोन येतोय. आज तिच्या शाळेत नाटक होतं, कसं झालं ते विचारायचंय. वाक्य पाठ करून ठेवलंय, विसरायच्या आत बोलतो." फोन बंद झाला. चमचा बशीत ठेवून मी गार होत आलेला चहा संपवला.